गॅरी किल्डॉल : सॉफ्टवेअरला यंत्राच्या बंधनातून सोडवणारा संशोधक

वैयक्तिक संगणकाच्या इतिहासात गॅरी किल्डॉल यांचे नाव बहुधा एकाच आख्यायिकेसाठी घेतले जाते. १९८० च्या उन्हाळ्यात आयबीएम या बलाढ्य कंपनीचे प्रतिनिधी त्यांच्या दाराशी आले, तेव्हा किल्डॉल आपले विमान घेऊन आकाशात विहार करीत होते; म्हणून शतकातील सर्वात मोठा व्यवहार त्यांच्या हातून निसटला आणि बिल गेट्स यांच्या पदरात पडला, असे ही आख्यायिका सांगते. लक्ष्मी दारी आली आणि घरधनी बाहेर गेला होता, अशा थाटाची ही कथा ऐकायला रंजक आहे. मात्र तिच्यात सत्याचा अंश थोडा आहे. शिवाय या एका दिवसाच्या चर्चेत, आयबीएमसारखी कंपनी या माणसाच्या दाराशी मुळात कशासाठी आली होती, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. त्या प्रश्नाचे उत्तर किल्डॉल यांच्या १९८० पूर्वीच्या दहा वर्षांच्या कामात आहे.

नाविकांच्या घराण्यातील मुलगा

गॅरी आर्लेन किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सिएटल या बंदराच्या शहरात झाला. घराणे मूळचे नॉर्वेचे आणि समुद्राशी नाते असलेले. आजोबांनी सिएटलमध्ये नौकानयनाचे शिक्षण देणारी शाळा काढली होती आणि वडीलही तेथेच शिकवीत. नकाशे, भरती-ओहोटी आणि आकाशातील ताऱ्यांवरून जहाजाचे स्थान काढण्याचे गणित या गोष्टी गॅरी यांच्या कानांवर बालपणापासून पडत होत्या. पुढे काही काळ त्यांनी स्वतःही त्या शाळेत अध्यापन केले.

शालेय जीवनात ते फारसे चमकले नाहीत. पाठ्यपुस्तकांपेक्षा यंत्रांची खोलखाल करण्यात त्यांचे मन अधिक रमे. गणिताचा शिक्षक व्हावे, या हेतूने त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु तेथे संगणकाशी गाठ पडली आणि जीवनाची दिशा बदलली. शाळेपासूनची मैत्रीण डोरोथी मॅकेवन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या कामाचा व्यावसायिक भार पुढे याच डोरोथी यांनी उचलला.

तो व्हिएतनाम युद्धाचा काळ होता आणि तरुणांना सक्तीची लष्करी सेवा चुकत नव्हती. किल्डॉल यांच्या वाट्याला रणभूमीऐवजी वर्ग आला. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात संगणकशास्त्राचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. सेवेची मुदत संपल्यावरही त्यांनी हे विद्यालय लगेच सोडले नाही. समुद्रकाठचे शांत गाव, अध्यापनाची आवड आणि प्रयोगांना मोकळा वेळ ही त्यांच्या स्वभावाला मानवणारी गोष्ट होती. दरम्यान १९७२ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठातून संगणकशास्त्रातील डॉक्टरेट पूर्ण केली. प्रोग्रामचे रूपांतर करणाऱ्या कंपायलरने अनावश्यक आकडेमोड शोधून कशी टाळावी, याविषयीचा त्यांचा १९७३ चा शोधनिबंध त्या विषयातील पायाभूत लेखनापैकी एक मानला जातो. किल्डॉल हे नशिबाने यश मिळालेले हौशी तंत्रज्ञ होते, अशी समजूत असणाऱ्यांनी ही बाब ध्यानात घ्यावयास हवी.

नखाएवढ्या चकतीची ओढ

१९७१ मध्ये इंटेल कंपनीने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. संगणकाचा गणिती मेंदू सिलिकॉनच्या एका छोट्या तुकड्यावर बसवण्यात आला होता. त्या काळी संगणक म्हणजे वातानुकूलित दालने व्यापणारे आणि लाखो डॉलर किमतीचे यंत्र. त्यामुळे हा तुकडा रहदारीचे दिवे किंवा गणकयंत्रे चालवण्यापुरताच उपयोगी आहे, असे बहुतेकांना वाटे. इंटेलमध्येही याहून फार निराळे मत नव्हते.

किल्डॉल यांना मात्र त्यात वडिलांच्या एका जुन्या इच्छेची पूर्तता दिसली. हाताने दांडा फिरवताच जहाजाचे स्थान सांगणारे एखादे यंत्र असावे, असे त्यांच्या वडिलांना वाटे. त्यासाठी लागणारी त्रिकोणमितीची गणिते ४००४ कडून करवून घेण्याचा प्रयत्न किल्डॉल यांनी सुरू केला. तो प्रोसेसर या कामाला अतिशय मंद निघाला, परंतु या खटपटीतून त्यांची त्या लहानशा यंत्राशी पक्की ओळख झाली. अध्यापनातून सुट्टी मिळेल त्या दिवशी ते मोटार घेऊन इंटेलच्या कार्यालयात जाऊ लागले आणि सल्लागार म्हणून काम करू लागले.

इंटेलसाठी त्यांनी पीएल/एम ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. तोवर मायक्रोप्रोसेसरला सूचना द्यायच्या म्हणजे यंत्राच्या अगदी जवळच्या सांकेतिक भाषेत एकेक पाऊल लिहावे लागे. पीएल/एममुळे तेच काम सुबोध वाक्यरचनेत करणे शक्य झाले. त्यांनी प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रामही लिहिले, ज्यामुळे खरे यंत्र हाताशी नसतानाही मोठ्या संगणकावर त्याची चाचणी घेता येई.

अंगणातील खोलीत जन्मलेली प्रणाली

आता अडचण उरली होती ती साठवणुकीची. लहान संगणकावर लिहिलेले काम जतन करण्यासाठी छिद्रे पाडलेली कागदी पट्टी वापरावी लागे. ही पट्टी मंद, कटकटीची आणि सहज फाटणारी होती. त्याच सुमारास आठ इंच रुंदीच्या फ्लॉपी तबकडीचे ड्राइव्ह बाजारात येऊ लागले होते. एका तबकडीत सुमारे अडीचशे किलोबाइट माहिती मावे. आजच्या मोबाइल फोनवरील एखादे छायाचित्रही तेवढ्या जागेत बसणार नाही, पण तेव्हा ती चैन वाटावी इतकी मोठी जागा होती.

शुगार्ट कंपनीकडून किल्डॉल यांनी चाचण्यांमध्ये वापरून झालेला एक ड्राइव्ह मिळवला. ड्राइव्ह मिळाला, तरी तो प्रोसेसरला जोडणारे विद्युतमंडल त्यांच्या हातून काही केल्या साधेना. सॉफ्टवेअर हे त्यांचे क्षेत्र, तारा आणि जोडण्या हे नव्हे. अखेर वॉशिंग्टन विद्यापीठापासूनचे मित्र जॉन टोरोड यांनी ते मंडल तयार करून दिले. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या गावी, घरामागच्या अवजारांच्या लहानशा खोलीत, तबकडी फिरली आणि पडद्यावर संगणकाने आज्ञेसाठी तयार असल्याची खूण दाखवली. सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीमचा हा जन्म होता.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. तबकडीवर कोणती फाइल कोठे आहे याची नोंद ठेवणे, मागितलेली फाइल आणून देणे, नवी लिहिणे, जुनी पुसणे आणि वापरणाऱ्याची आज्ञा प्रोग्रामपर्यंत पोहोचवणे ही तिची कामे. अशा प्रणाली मोठ्या संगणकांवर होत्या. त्यांतील काही कल्पना किल्डॉल यांनी घेतल्या आणि अवघ्या १६ किलोबाइट स्मृतीच्या संगणकावर चालेल इतकी आटोपशीर प्रणाली उभी केली. ड्राइव्हला ए, बी, सी अशी अक्षरे देण्याची आणि फाइलच्या नावात आठ अक्षरे, टिंब आणि तीन अक्षरे लिहिण्याची पद्धत वैयक्तिक संगणकांत या प्रणालीतून रुळली. आजही विंडोज असलेल्या संगणकावर जो सी ड्राइव्ह दिसतो, त्याचे मूळ तेथे आहे. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी होती; फ्लॉपी इतिहासजमा झाल्या, सी मात्र आपल्या जागी कायम राहिला.

किल्डॉल यांनी ही प्रणाली इंटेलला देऊ केली. इंटेलने पीएल/एम स्वीकारली, सीपी/एममध्ये मात्र रस दाखवला नाही. त्याच काळात किल्डॉल एका गमतीदार उपक्रमातही गुंतले होते. सॅन फ्रान्सिस्कोतील एका तंत्रज्ञाने नाणे टाकताच जन्मतारखेवरून भविष्य छापून देणारे यंत्र बनवले होते आणि त्याचा प्रोग्राम किल्डॉल यांनी लिहिला. ते यंत्र धंदा म्हणून साफ फसले, परंतु सीपी/एमच्या जोडीला घडत असलेली साधने या कामात कसाला लागली. लोकांचे भविष्य सांगायला निघालेल्या त्या यंत्राच्या कर्त्यांना आपल्या हातातील दुसऱ्या वस्तूचे भविष्य तेव्हा ठाऊक नव्हते.

बायोस : एक साधी पण दूरगामी कल्पना

१९७५ नंतर हौशी मंडळींसाठी लहान संगणकांचे संच विकणाऱ्या अनेक कंपन्या निघाल्या. प्रत्येकीचे यंत्र निराळे, ड्राइव्ह निराळे, जोडण्या निराळ्या. एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नसे. इम्साय ही अशीच एक कंपनी. ड्राइव्ह विकून झाले, पण ते चालवणारी प्रणाली तयार नाही, अशा पेचात ती सापडली होती. नौदलाच्या विद्यालयातील किल्डॉल यांचे पूर्वीचे सहकारी ग्लेन युइंग तिच्यासाठी काम करीत होते. त्यांनी सीपी/एम मागितली.

प्रत्येक नव्या यंत्रासाठी संपूर्ण प्रणालीची डागडुजी करण्याचा किल्डॉल यांना कंटाळा आला होता. त्या कंटाळ्यातून एक मोठी कल्पना जन्मली. प्रणालीतील जो भाग विशिष्ट यंत्राशी निगडित आहे, तेवढाच वेगळा काढायचा आणि बाकीच्या भागाला हात लावायचा नाही. या वेगळ्या भागाला बायोस असे नाव मिळाले. बायोस हा एक प्रकारचा दुभाषी होता. प्रणालीने अमुक ठिकाणची माहिती वाचण्यास सांगितले, की त्या सूचनेचे भाषांतर तो त्या-त्या यंत्राच्या बोलीत करी. नवे यंत्र आले, की त्याच्या निर्मात्याने केवळ काही पानांचा हा दुभाषी लिहायचा. वरची प्रणाली आणि तिच्यावर चालणारे सारे प्रोग्राम जसेच्या तसे चालत.

या योजनेचा परिणाम व्यापारावर झाला. तोपर्यंत प्रोग्राम लिहिणाऱ्याला आपला माल एकाच कंपनीच्या ग्राहकांना विकता येई. आता सीपी/एमसाठी लिहिलेला प्रोग्राम शेकडो प्रकारच्या यंत्रांवर विकता येऊ लागला. यंत्र एकाचे, प्रणाली दुसऱ्याची आणि प्रोग्राम तिसऱ्याचा, ही आज स्वाभाविक वाटणारी विभागणी येथे आकाराला आली. सॉफ्टवेअर हा स्वतंत्र उद्योग होण्यास त्यामुळे भक्कम आधार मिळाला. लेखनासाठीचा वर्डस्टार आणि नोंदी ठेवण्यासाठीचा डीबेस टू हे प्रोग्राम याच भूमीत वाढले. भारतात ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत संगणकाचे वर्ग करणाऱ्यांना वर्डस्टार आणि डीबेस ही नावे परिचयाची असतील. त्यांनी हे प्रोग्राम बहुधा डॉसवर वापरले, पण त्यांचे माहेर सीपी/एम हे होते.

लाइटहाउस अव्हेन्यूवरील कंपनी

गॅरी आणि डोरोथी यांनी काढलेल्या कंपनीचे आरंभीचे नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च असे होते. आकाशगंगांना गवसणी घालणारा हा पहिला शब्द पुढे गळाला आणि डिजिटल रिसर्च एवढेच नाव उरले. टपालाने मागवणाऱ्याला सीपी/एम सुमारे ७० डॉलरना मिळे. एका छोट्या संगणक कंपनीने सुरुवातीच्या काळात केवळ ९० डॉलर मोजून आपल्या यंत्रांवर ती वापरण्याचा हक्क मिळवला होता. १९७७ मध्ये त्याच हक्कासाठी इम्सायने २५,००० डॉलर दिले.

व्यवहार, करार आणि ग्राहक डोरोथी पाहत. किल्डॉल यांचे चित्त प्रोग्राममध्ये असे. पॅसिफिक ग्रोव्हच्या लाइटहाउस अव्हेन्यूवरील एका जुन्या, व्हिक्टोरियन धाटणीच्या घरात कार्यालय थाटले गेले. वातावरण कंपनीपेक्षा विद्यापीठाच्या विभागाला जवळचे होते. किल्डॉल यांच्यातील शिक्षक येथेही जागा होता. कार्यपद्धतीची माहिती ते मोकळेपणाने वाटत आणि प्रणालीला सूचना कशा द्याव्यात याची पुस्तिका कोणालाही उपलब्ध असे. प्रतिस्पर्ध्याला चिरडून पुढे जाण्याची वृत्ती त्यांच्यात नव्हती.

मायक्रोसॉफ्टशीही त्यांचे संबंध तेव्हा सलोख्याचे होते. मायक्रोसॉफ्ट प्रोग्रामिंगच्या भाषा बनवी आणि डिजिटल रिसर्च ऑपरेटिंग सिस्टीम, अशी ढोबळ वाटणी पडली होती. १९८० मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲपल टू संगणकात बसवण्याचे एक कार्ड विक्रीस आणले. त्या कार्डामुळे ॲपलवर सीपी/एम चालू शके आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टने किल्डॉल यांच्याकडूनच परवाना घेतला होता. १९८१ पर्यंत सुमारे ३,००० प्रकारच्या संगणकांवर सीपी/एम चालत होती आणि कंपनीचे वार्षिक उत्पन्न सुमारे ५४ लाख डॉलरवर पोहोचले होते.

तो ऑगस्ट महिना

१९८० मध्ये आयबीएमने फ्लोरिडातील बोका रॅटन येथे वैयक्तिक संगणकाचा गुप्त प्रकल्प हाती घेतला. वर्षभरात संगणक बाजारात आणायचा होता, म्हणून सुटे भाग आणि सॉफ्टवेअर बाहेरून घेण्याचे ठरले. आयबीएमचे लोक प्रथम मायक्रोसॉफ्टकडे गेले. ऑपरेटिंग सिस्टीमचा विषय निघताच गेट्स यांनी त्यांना किल्डॉल यांच्याकडे पाठवले.

आयबीएमचे प्रतिनिधी पॅसिफिक ग्रोव्हला आले, त्या सकाळी किल्डॉल खरोखरच विमानाने गेले होते, परंतु मौजेसाठी नव्हे. एका जुन्या ग्राहकाची भेट आधीच ठरलेली होती आणि सहकारी टॉम रोलँडर यांच्यासह ते ओकलंडकडे गेले होते. व्यवहाराची बोलणी एरवीही डोरोथीच करीत, त्यामुळे यात वेगळे काही नव्हते. आयबीएमने बोलणी सुरू होण्यापूर्वीच गोपनीयतेचा करारनामा पुढे ठेवला. आयबीएम जे सांगेल ते गुप्त राखायचे, डिजिटल रिसर्च जे सांगेल त्याला मात्र असे संरक्षण नाही, असा त्याचा एकतर्फी आशय होता. डोरोथी यांनी वकिलाचा सल्ला घेतला आणि तत्काळ स्वाक्षरी केली नाही. दिवसाचा बराच भाग या घोळात गेला.

दुपारनंतर काय झाले, याविषयी संबंधितांच्या हकिकती जुळत नाहीत. आपण परतलो, बैठकीत बसलो आणि तोंडी सहमतीपर्यंत पोहोचलो, असे किल्डॉल यांचे म्हणणे होते. आयबीएमच्या बाजूने या भेटीला दुजोरा मिळाला नाही. वादाचा गाभा मात्र स्पष्ट आहे. आयबीएमला एकरकमी मोबदल्यात प्रणाली हवी होती आणि तिचे नावही बदलायचे होते. किल्डॉल यांना प्रत्येक प्रतीमागे मानधन हवे होते, कारण इतर शेकडो ग्राहकांशी त्यांचा व्यवहार त्याच तत्त्वावर चालत होता. एका ग्राहकाला मोठा म्हणून वेगळा न्याय देणे त्यांना रास्त वाटत नव्हते. विमानाच्या आख्यायिकेत या मतभेदाला जागाच नाही.

शिवाय डिजिटल रिसर्चकडून एक खरी दिरंगाईही झाली होती. इंटेलच्या नव्या १६ बिटच्या प्रोसेसरसाठीची सीपी/एम-८६ ही आवृत्ती वेळेत तयार नव्हती. त्या दिरंगाईला कंटाळून सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या लहान कंपनीतील तरुण अभियंता टिम पॅटरसन यांनी स्वतःच एक प्रणाली लिहिली होती. सीपी/एमचे प्रोग्राम नव्या प्रोसेसरसाठी सहज रूपांतरित करता यावेत, म्हणून त्यांनी तिची बाह्य रचना किल्डॉल यांच्या पुस्तिकेबरहुकूम ठेवली. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर १९८० मध्ये २५,००० डॉलर देऊन या प्रणालीचा परवाना घेतला आणि जुलै १९८१ मध्ये आणखी ५०,००० डॉलर मोजून ती विकत घेतली. आयबीएमच्या संगणकावर तिला पीसी-डॉस हे नाव मिळाले. इतर कंपन्यांना तीच प्रणाली एमएस-डॉस म्हणून विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला आणि पुढील अफाट संपत्तीचे बीज या हक्कात होते.

चाळीस आणि दोनशे चाळीस

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा वैयक्तिक संगणक जाहीर झाला. त्याची प्रणाली पाहून किल्डॉल संतप्त झाले. आपल्या रचनेची ही सरळ नक्कल आहे, असे त्यांचे मत झाले. त्यांच्या कोडमधील ओळी उचलल्या नसून केवळ प्रसिद्ध पुस्तिकेच्या आधारे सुसंगत प्रणाली लिहिली, अशी पॅटरसन यांची भूमिका होती. पुढे अनेक वर्षांनी झालेल्या तज्ज्ञांच्या तपासणीत कोड उचलल्याचा पुरावा आढळला नाही. तथापि कोड आणि रचना या भिन्न गोष्टी आहेत आणि रचना किल्डॉल यांची होती, याविषयी फारसा वाद नाही.

सॉफ्टवेअरच्या स्वामित्वहक्काचा कायदा त्या वेळी अस्पष्ट होता आणि आयबीएमशी न्यायालयात झुंजणे म्हणजे कंपनी पणाला लावणे होते. किल्डॉल यांनी तडजोड केली. आयबीएम आपल्या संगणकासोबत सीपी/एम-८६ देखील विकेल आणि ग्राहकाने आपल्या पसंतीची प्रणाली निवडावी, असे ठरले. निवड कशी होणार, हे किमतीने ठरवले. पीसी-डॉस ४० डॉलर आणि सीपी/एम-८६ मात्र २४० डॉलर. त्यातही दुसरी बाजारात आली ती काही महिने उशिराने. आयबीएमने हा फरक हेतुपुरस्सर ठेवला, असे किल्डॉल यांना अखेरपर्यंत वाटत राहिले. ग्राहकांनी अर्थातच स्वस्त वस्तू उचलली. कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी आयबीएमशी सुसंगत संगणक बनवण्यास सुरुवात केल्यावर एमएस-डॉस हेच प्रमाण ठरले.

यात एक विलक्षण विरोधाभास आहे. यंत्रे वेगवेगळी असली तरी चालेल, प्रणाली समान हवी, हे सूत्र किल्डॉल यांनी जगाला शिकवले. ते सूत्र इतके पटले, की एकदा डॉस सर्वत्र पसरल्यावर दुसऱ्या प्रणालीची कोणालाच गरज उरली नाही. आपल्याच शिकवणुकीचा फटका शिक्षकाला बसला.

पराभवानंतरचे काम

किल्डॉल या घटनेनंतर हात बांधून बसले नाहीत. १९८३ पासून काही वर्षे त्यांनी स्ट्युअर्ट शिफे यांच्यासह ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ हा संगणकविषयक दूरचित्रवाणी कार्यक्रम सादर केला. अमेरिकेतील सार्वजनिक प्रसारण केंद्रांवरून तो दाखवला जाई. प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या वस्तूंबद्दलही ते त्यात समतोलपणे आणि सोप्या शब्दांत बोलत.

एकाच वेळी अनेक कामे करू शकणाऱ्या प्रणाली डिजिटल रिसर्चने बनवल्या. १९८५ मध्ये चित्रखुणा आणि खिडक्यांवर आधारलेली जेम ही व्यवस्था बाजारात आली. ॲपलच्या आक्षेपामुळे तिच्यात बदल करावे लागले. त्याच सुमारास किल्डॉल आणि रोलँडर यांनी स्वतंत्र कंपनी काढून ग्रोलियर प्रकाशनाचा संपूर्ण विश्वकोश एका सीडी-रॉमवर उतरवला. ज्ञानकोशाचे जाडजूड खंड एका चकतीत मावू शकतात आणि त्यातील हवा तो शब्द क्षणात शोधता येतो, याचे ते आरंभीचे प्रात्यक्षिक होते.

१९८८ मध्ये डिजिटल रिसर्चने डीआर-डॉस आणून मायक्रोसॉफ्टला तिच्याच मैदानात आव्हान दिले. जाणकारांनी या प्रणालीची वाखाणणी केली, पण तोवर बाजार मायक्रोसॉफ्टच्या हाती गेला होता. १९९१ मध्ये नॉव्हेल कंपनीने डिजिटल रिसर्च विकत घेतली. डीआर-डॉसला अन्यायाने रोखल्याचा आरोप करणारा खटला तिच्या पुढील मालक कंपनीने मायक्रोसॉफ्टवर दाखल केला आणि जानेवारी २००० मध्ये तो तडजोडीने मिटला. तो निकाल पाहण्यास किल्डॉल हयात नव्हते.

कंपनीच्या विक्रीतून त्यांना मुबलक पैसा मिळाला. विमाने, मोटारी, नौका अशा छंदांना त्यांनी तो वापरला. टेक्सासमधील ऑस्टिनजवळ ते राहू लागले आणि तारेचे व मोबाइल दूरध्वनी एकत्र जोडण्याच्या एका नव्या उद्योगात त्यांनी लक्ष घातले. धनाची ददात नव्हती. सल होती ती वेगळीच. जेथे जावे तेथे त्यांना त्या विमानाबद्दल विचारले जाई. डोरोथी यांच्याशी झालेला विवाह १९८३ मध्ये संपुष्टात आला होता. दुसरा विवाहही पुढे विस्कटला. उत्तरायुष्यात मद्याने त्यांना ग्रासले.

१९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. किल्डॉल हे त्या विभागाच्या आरंभीच्या डॉक्टरेटधारकांपैकी एक. समारंभाचे निमंत्रण त्यांना आले, पण प्रमुख वक्ते म्हणून गेट्स यांना बोलावण्यात आले होते. गेट्स या विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते. हा प्रसंग किल्डॉल यांना जिव्हारी लागला. आपली बाजू लिहून ठेवावी, या ईर्ष्येने त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. १९९३ मध्ये पूर्ण झालेल्या या हस्तलिखिताच्या काही प्रती त्यांनी आप्तमित्रांना वाटल्या. ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध होण्यापूर्वीच काळाने घाला घातला.

जुलै १९९४ मध्ये माँटेरे येथील एका मद्यगृहात त्यांच्या डोक्याला दुखापत झाली. ते पडले की कोणी मारले, याचा उलगडा झाला नाही आणि कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन जन्मगावी, सिएटल येथे करण्यात आले.

उशिरा मिळालेला न्याय

१९९५ मध्ये अमेरिकेतील सॉफ्टवेअर प्रकाशकांच्या संघटनेने किल्डॉल यांना मरणोत्तर सन्मान दिला. २०१४ मध्ये, सीपी/एमच्या चाळिसाव्या वर्षी, विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या जागतिक संस्थेने पॅसिफिक ग्रोव्ह येथील कंपनीच्या जुन्या कार्यालयासमोर स्मृतिफलक बसवला. सीपी/एमचे पहिले प्रात्यक्षिक आणि बायोसची कल्पना यांनी वैयक्तिक संगणकाच्या क्रांतीचा पाया घातला, अशी नोंद त्यावर आहे. कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने त्याच वर्षी सीपी/एमच्या आरंभीच्या आवृत्त्यांचा कोड खुला केला. २०१६ मध्ये कुटुंबीयांच्या अनुमतीने त्यांच्या आठवणींचा पूर्वार्धही प्रसिद्ध झाला. उत्तरार्ध कुटुंबीयांनी प्रकाशित केला नाही. त्यातील कटुता मद्याच्या विळख्यातून आली आहे आणि ती गॅरी यांच्या खऱ्या स्वभावाशी विसंगत आहे, अशी त्यांची भावना होती.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले, तर किल्डॉल यांच्या चुका दाखवणे अवघड नाही. सीपी/एम-८६ ला उशीर झाला, आयबीएमच्या ताकदीचा अंदाज चुकला आणि कायद्याची लढाई टाळली गेली. परंतु या चुकांचे खापर एका विमानफेरीवर फोडले, म्हणजे व्यवहाराचा धडाही हाती लागत नाही आणि माणूसही कळत नाही. स्वतःची रचना उघडपणे समजावून सांगणारा हा शिक्षक होता. इतरांनी आपापली यंत्रे आणि प्रोग्राम बनवावेत, यासाठीच त्याने ती रचना केली होती. तिचा लाभ ज्यांनी घेतला, त्यांत प्रतिस्पर्धीही होते.

भाड्याच्या दुकानात बसून हिशेबाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या एखाद्या तरुणाला आपला प्रोग्राम नेमक्या कोणत्या कंपनीच्या संगणकावर चालेल, याची आज चिंता करावी लागत नाही. ही निश्चिंती आपोआप आलेली नाही. अंगणातील एका लहानशा खोलीत ती शक्य असल्याचे प्रथम सिद्ध झाले आणि काही पानांच्या एका दुभाषी प्रोग्रामने ती सर्वांना उपलब्ध करून दिली. गॅरी किल्डॉल यांचे मोजमाप करायचे, तर ते हुकलेल्या करारावर नव्हे, या कामावर व्हावे.